सिंड्रेलाची स्लाइड

गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही. एक तर रिलीज होतं, आणि दुसरं म्हणजे डोकं तापलेलं होतं. तापल्या डोक्यानं लिहायला बसलं की मुद्दे कमी आणि शिव्या जास्त होतात, हा अनुभव आहे. आता जरा निवलंय. तरी एखादी निसटलीच तर सांभाळून घ्या मंडळी.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात टाउन हॉल होता. टाउन हॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कॅफेटेरियातली टेबलं बाजूला सारायची, प्रोजेक्टर लावायचा, पाऊण तास वरच्या साहेबांचं ऐकायचं आणि मग समोसा खायचा. (मी समोशासाठी जातो.) यावेळी साहेबांनी एक स्लाइड दाखवली. एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी बास्केटबॉलची पोरं. वर लिहिलेलं, 'गॉन्झॅगा, १९९९'. खाली, 'स्वतःवर विश्वास ठेवा'. मग गोष्ट. अमेरिकेच्या कोपऱ्यातलं एक छोटंसं कॉलेज, कुणाला नाव धड उच्चारता येत नाही, आणि एका मार्च महिन्यात या पोरांनी मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांना लोळवलं. सिंड्रेला! तर मित्रहो, आकार महत्त्वाचा नसतो, विश्वास महत्त्वाचा असतो. टाळ्या. समोसे.

हे मंगळवारी. त्याच आठवड्यात गुरुवारी अकरा फ्रेशर्सना एकेक करून एचआरच्या खोलीत बोलावलं आणि राजीनामे लिहून घेतले. पाच महिने बेंचवर होती बिचारी. त्यातली दोघं माझ्याच कॉलेजची, जॉइन झाली तेव्हा पहिल्या दिवशी मीच त्यांना बिल्डिंग दाखवत हिंडलो होतो. रात्री एकाचा फोन आला. "दादा, आम्हाला प्रोजेक्टच दिलं नाही, मग आमचा परफॉर्मन्स कमी कसा काय निघाला?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या स्लाइडचं उत्तर मला देता येतं, आणि ते द्यायचंच आहे. कारण साहेबांच्या दुर्दैवानं मला गॉन्झॅगा माहीत आहे.

मी दोन वर्षं सिएटलजवळ बेलव्ह्यूला क्लायंटकडे होतो. माझ्या शेजारच्या क्यूबमध्ये पन्नाशीचा एक टेस्टर बसायचा. मूळ स्पोकॅनचा, गॉन्झॅगाचाच पदवीधर. नोव्हेंबर उजाडला की दर सोमवारी सकाळी मला आदल्या आठवड्याच्या मॅचची कथा ऐकावी लागे. आधी मी नुसती मान डोलवायचो, मग ऐकायला लागलो, मग बघायला लागलो. २०२३ च्या मार्चमध्ये यूसीएलएविरुद्ध शेवटच्या मिनिटात मॅच हातातून गेली असं वाटत असताना ज्युलियन स्ट्रॉदरनं लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला, तेव्हा हा गृहस्थ त्याच्या घरातल्या सोफ्यावरून जो उठला तो थेट अंगणात जाऊन आला. बाहेर पाऊस होता. (सिएटलला दुसरं काय असणार.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. मार्चमध्ये त्यातल्या ६८ जणांची (१९९९ मध्ये ६४ होती) नॉकआउट स्पर्धा होते. एक हरलात की घरी. यात केंटकी, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना यांच्यासारखी पिढीजात संस्थानं असतात आणि बाकीची जनता असते. गॉन्झॅगा जनतेतलं. जेझुइट पाद्र्यांनी १८८७ मध्ये सुरू केलेली युनिव्हर्सिटी, पदवीचे विद्यार्थी पाचेक हजार. स्पोकॅन सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचं गाव, सिएटलहून साडेचार तास. खिंड ओलांडली की पाऊस संपतो, झाडं संपतात आणि मग नुसतीच मोकळी जमीन आणि गव्हाची शेतं. इथे हायस्कूलमधला स्टार पोरगा आपणहून कशाला येईल?

आता साहेबांच्या स्लाइडकडे. स्लाइडमध्ये पहिली लबाडी आहे ती '१९९९' या आकड्यात.

गॉन्झॅगाकडे स्टार त्याच्या पंधरा वर्षं आधीच होता, आणि असातसा नव्हे. जॉन स्टॉकटन. गावातलाच पोरगा, वडिलांचा बार कॅम्पसजवळच. १९८० ते ८४ गॉन्झॅगासाठी खेळला, मग यूटा जॅझकडे गेला आणि तिथे १९ सीझन राहिला. १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील, दोन्ही एनबीएचे विक्रम. म्हणजे खेळाच्या इतिहासात दुसऱ्याला पास देण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही, तो माणूस चार वर्षं या कॉलेजात होता. आणि त्या चार वर्षांत गॉन्झॅगा मार्चच्या स्पर्धेत एकदाही पोचलं नाही! पहिल्यांदा पोचलं १९९५ मध्ये. स्टॉकटन जाऊन तोवर अकरा वर्षं झाली होती.

हा एकच मुद्दा आमच्या हायरिंगवाल्यांनी फ्रेम करून लावावा. आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी 'रॉकस्टार' आणायची टूम निघते. रॉकस्टार येतो, सहा महिने सगळ्यांचा कोड रिव्ह्यू करून सगळ्यांना मूर्ख ठरवतो, आणि पुढच्या रॉक कॉन्सर्टला निघून जातो. मागे राहतं त्याचं अर्धवट फ्रेमवर्क, ते सांभाळायला मी.

मग १९९५ ते ९९ मध्ये घडलं काय? सांगायला अगदी कंटाळवाणं आहे. म्हणूनच स्लाइडवर येत नाही. डॅन फिट्झजेरल्ड नावाच्या कोचनं काही पोरसवदा असिस्टंट हाताशी घेतले होते. डॅन मन्सन १९८८ पासून, मार्क फ्यू १९८९ पासून, बिल ग्रिअर त्यांच्या थोडा मागून. तुटपुंज्या पगारावर ही मंडळी तिथेच चिकटून राहिली. दहा वर्षं! कुठल्या हायस्कूलचा कुठला पोरगा मोठ्या कॉलेजांच्या नजरेतून सुटलाय, कोण उशिरा उंच होणार आहे, कुणाच्या घरचं वातावरण टिकून राहणारं आहे, हे सगळं ज्ञान या माणसांच्या डोक्यात साठत गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन शून्य, पण टीम तीच. १९९७ मध्ये मन्सन मुख्य कोच झाला आणि दोन वर्षांत ती फोटोतली उडी आली. दहावं मानांकन असलेल्या गॉन्झॅगानं मिनेसोटा, स्टॅनफर्ड आणि फ्लोरिडा असे तीन हत्ती ओळीनं पाडले. फ्लोरिडाविरुद्ध ७३-७२, शेवटच्या काही सेकंदांत केसी कॅल्व्हरीनं रिंगवरून उसळलेला बॉल हातानं आत ढकलला. मग कनेक्टिकटनं ६७-६२ असं हरवलं, आणि पुढे कनेक्टिकटच विजेते झाले.

इथे स्लाइड संपते. खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

त्या उन्हाळ्यात मन्सन गेला. कुठे? मिनेसोटाला, ज्यांना त्यानं मार्चमध्ये हरवलं होतं. मिनेसोटात तेव्हा घोटाळा उघडकीला आला होता. खेळाडूंचे निबंध-असाइनमेंट ऑफिसातली एक बाई लिहून द्यायची, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. गॉन्झॅगाच्या मॅचच्या आदल्याच दिवशी ते पेपरात छापून आलं आणि चार खेळाडू बाहेर बसवावे लागले. जुना कोच गेला आणि ती खुर्ची मन्सनला मिळाली. मोठं कॉलेज, मोठी कॉन्फरन्स, मोठा पगार. मी त्याला दोष देत नाही, आपण काय करतो? ऑफर आली की पेपर टाकतोच ना. पण पुढचं ऐका. मिनेसोटात साधारण सात वर्षांत तो मार्चच्या स्पर्धेत एकदाच पोचला, २००५ मध्ये. २००६ च्या अखेरीस तिथून बाहेर. मग लाँग बीच स्टेटमध्ये सतरा वर्षं. २०२४ मध्ये तिथून त्याला नारळ दिला, आणि तोही सीझन संपायच्या आत. तर या पठ्ठ्यानं नारळ खिशात घालून कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकली आणि टीमला मार्चच्या स्पर्धेत नेलं! पहिल्याच फेरीत समोर अॅरिझोना, ज्यांचा कोच टॉमी लॉइड, जो स्वतः वीस वर्षं गॉन्झॅगात असिस्टंट होता. मन्सन हरला. ती मॅच मी त्या टेस्टरच्या घरी बघितली, तो कधी नव्हे तो गप्प होता. आणि त्यानंतर मन्सनला नोकरी कुठे मिळाली? ईस्टर्न वॉशिंग्टनमध्ये. स्पोकॅनहून अर्ध्या तासावर. पंचवीस वर्षं फिरून माणूस पुन्हा त्याच गव्हाच्या शेतात.

मार्क फ्यू मात्र हललाच नाही. १९९९ मध्ये मन्सन गेल्यावर ३६ वर्षांच्या या असिस्टंटला मुख्य कोच केलं. बाहेरून कुणी नामवंत आणला नाही, कन्सल्टंट नेमला नाही. आणि पुढची दोन्ही वर्षं गॉन्झॅगा पुन्हा शेवटच्या सोळात. दहावं मानांकन, मग बारावं मानांकन, पण सोळात. तिथपासून २०२५ पर्यंत स्पर्धा झाली त्या प्रत्येक वर्षी ते आत होते. २६ वेळा. (२०२० ला कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही.) २०१५ ते २०२४ मध्ये तर ओळीनं नऊ वेळा शेवटच्या सोळात. दर उन्हाळ्यात फ्यूचं नाव कुठल्या तरी बड्या कॉलेजशी जोडलं जायचं. तो फ्लाय फिशिंगला जायचा आणि परत येऊन गॉन्झॅगाच्याच पोरांना शिकवायचा.

सिंड्रेला बारा वाजता घरी जाते हो. जी २६ वर्षं दरबारात ठाण मांडून बसलीय तिला सिंड्रेला म्हणत नाहीत.

खऱ्या सिंड्रेला बघायच्या असतील तर त्याही आहेत. २०२२ मध्ये न्यू जर्सीचं सेंट पीटर्स, पंधरावं मानांकन, केंटकी आणि पर्ड्यूला घरी पाठवून शेवटच्या आठात पोचलं. काय धमाल होती! काही दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेला, आणि पाठोपाठ बरीचशी पोरंही पांगली. बटलरचं थोडं वेगळं. ब्रॅड स्टीव्हन्स हा एलाय लिली या औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून बटलरमध्ये जवळजवळ फुकट काम करायला आलेला माणूस. (आपल्यातल्या दर दुसऱ्या माणसाचं हेच स्वप्न असतं, फक्त ईएमआय आडवा येतो.) त्यानं २०१० आणि २०११ अशा लागोपाठ दोन फायनल गाठल्या. २०१० ला ड्यूककडून ६१-५९. गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या कोर्टवरून फेकलेला शेवटचा बॉल रिंगला लागून बाहेर आला, बोटभर आत असता तर इतिहास झाला असता. २०१३ मध्ये स्टीव्हन्स बोस्टन सेल्टिक्सला गेला. बटलर मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलं, पण ते टोक पुन्हा काही गाठता आलं नाही.

आता बेंचवर येतो. खरं तर याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

अमेरिकन कॉलेजमध्ये 'रेडशर्ट' म्हणून एक भानगड असते. खेळाडूनं एक वर्ष मॅच खेळायची नाही. प्रॅक्टिस टीमबरोबर, जेवण टीमबरोबर, स्कॉलरशिप चालू, पण मॅचला साध्या कपड्यात बसायचं. त्याचं खेळायचं एक वर्ष त्यामुळे शिल्लक राहतं. आमच्या भाषेत बेंच. केली ओलिनिक नावाचा कॅनडाचा लांबच लांब मुलगा २००९ मध्ये गॉन्झॅगात आला. दोन वर्षं खेळला, यथातथाच. तिसऱ्या वर्षी, २०११-१२ ला, ठरलं की याला बसवायचा. वरकरणी पाहिलं तर केवढा अपमान! चांगला विशीतला, दोन वर्षं खेळलेला गडी, आणि वर्षभर साध्या कपड्यात. पण त्या वर्षात त्याच्यावर काम झालं. स्ट्रेंथ कोचनं त्याचं शरीर, पाय टाकायची पद्धत, तोल, सगळं नव्यानं घडवलं. रोज. मॅचचा दबाव नाही, 'यूटिलायझेशन किती' असं विचारणारा एक्सेलशीटवाला नाही. पुढच्या वर्षी हाच ओलिनिक मॅचमागे १७.८ गुण काढत देशातल्या पहिल्या पाचात निवडला गेला, आणि त्याच सीझनमध्ये, मार्च २०१३ मध्ये, गॉन्झॅगा इतिहासात पहिल्यांदा देशात एक नंबरवर गेलं. एनबीएनं त्याला तेराव्या क्रमांकावर उचलला.

बेंच ही काही वाईट गोष्ट नाही हो साहेब. बेंचवर बसवून तुम्ही काय करता ते सांगा.

मी स्वतः चार महिने बेंचवर होतो, पहिल्या नोकरीत. काय शिकवलं? काही नाही. सकाळी स्वाइप, एक ई-लर्निंगचा व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा, कॅरम, जेवण, स्वाइप. दर शुक्रवारी एक मेल, 'तुमच्या प्रोफाइलवर काम चालू आहे'. काम माझ्या प्रोफाइलवर चालू होतं, माझ्यावर कुणाचंच नव्हतं. पाचव्या महिन्यात एका मॅनेजरला माणूस कमी पडला म्हणून वाचलो. त्या अकरा जणांत आणि माझ्यात फरक असला तर तेवढाच, बाजार तेव्हा वर होता.

आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. रुई हाचिमुरा. आई जपानी, वडील बेनिनचे. २०१६ मध्ये जपानहून स्पोकॅनला उतरला तेव्हा धड इंग्रजी येत नव्हतं. डिफेन्समध्ये ओरडून सूचना द्यायच्या असतात, त्या याला कळणार कशा? पहिल्या वर्षी मॅचमागे पाचेक मिनिटंसुद्धा खेळायला मिळालं नाही. त्याच वर्षी टीम फायनलला गेली आणि हा बहुतेक वेळ टाळ्या वाजवत होता. भाषा शिकला, सिस्टीम शिकला. तिसऱ्या वर्षी टीमचा आघाडीचा स्कोअरर, आणि २०१९ मध्ये एनबीएच्या पहिल्या फेरीत निवडला गेलेला पहिला जपानी.

परदेशातून पोरं आणायची ही वाट टॉमी लॉइडची. अमेरिकेतले पहिल्या शंभरातले खेळाडू आपल्याकडे येणार नाहीत, मग जिथे बाकीचे कोच जात नाहीत तिथे जायचं. रॉनी तुरियाफ फ्रान्सचा, मूळ मार्टिनिक बेटावरचा, २००१ मध्ये आला. मग जर्मनी, कॅनडा, पोलंड, लिथुआनिया. एक पोरगा सुखानं राहिला, शिकला, मोठा झाला की त्याच्या गावात बातमी जाते आणि दुसरा येतो. रेफरल बोनस न देता रेफरल! पोलंडचा प्शेमेक कार्नोव्स्की पाठीच्या दुखण्यानं २०१५-१६ चा जवळजवळ अख्खा सीझन बाहेर होता. त्याला कुणी 'पीआयपी'वर टाकलं नाही. परत आला आणि २०१७ च्या फायनलमध्ये सेंटरला उभा राहिला.

बाकी पैशाचा हिशोब पटकन उरकतो. गॉन्झॅगानं फुटबॉल १९४१ लाच बंद केलं होतं, त्यामुळे अमेरिकन कॉलेजांचा सगळ्यात मोठा खड्डा त्यांच्याकडे नव्हता. २००४ मध्ये सहा हजार सीटचं नवं अरीना बांधलं. हट्टानं लहान, कायम भरलेलं. मोठी कॉलेजं स्पोकॅनला यायला तयार नव्हती, म्हणून फ्यूनं सांगितलं आम्ही येतो. सिएटल, हवाई, जिथे म्हणाल तिथे. २०१८ ला माऊईमध्ये झायन विल्यमसनच्या ड्यूकला ८९-८७ हरवलं ते असंच.

आता विरोधकांचं. सिएटलच्या ऑफिसात वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीवाले ढिगानं होते, त्यांचं एकच पालुपद. "ट्रॉफी कुठेय?" नाहीये. २०१७ ला नॉर्थ कॅरोलायनाकडून ७१-६५. २०२१ ला तर ३१-० अशी अपराजित टीम फायनलला गेली, आणि बेलरनं ८६-७० असं धुतलं. सेमीफायनलला जेलन सग्जनं ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी अर्ध्या कोर्टजवळून मारलेला तो शॉट बघून वाटलं होतं आता झालंच. नाही झालं. कमकुवत कॉन्फरन्समध्ये खेळतात, फुकटचे रेकॉर्ड करतात, मार्चमध्ये घसरतात, असं म्हणतात.

कॉन्फरन्स कमकुवत होती हे कबूल. पण मग त्याच कॉन्फरन्समधलं सॅन फ्रान्सिस्को घ्या. तेही जेझुइट, तेही लहान, आणि त्यांच्याकडे ट्रॉफ्या दोन! १९५५ आणि ५६, बिल रसेलची टीम, ओळीनं ६० मॅच जिंकल्या होत्या. पुढे माजी विद्यार्थ्यांचे पैसे, नियमभंग, लफडी इतकी वाढली की १९८२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षांनी टीम बंद करून टाकली. हो, दोन वेळची विजेती टीम बंद! १९८५ ला परत सुरू केली, पण तेव्हापासून मार्चच्या स्पर्धेत दिसले ते हाताच्या बोटांवर मोजावं इतक्या वेळाच. ट्रॉफी एका रात्रीची असते, नॉकआउटमध्ये बॉल बोटभर इकडे-तिकडे गेला की संपलं. तिथे दर वर्षी पोचायला मात्र कुणीतरी पंचवीस वर्षं रोज सकाळी जिममध्ये यावं लागतं. रणजी बघणाऱ्यांना विदर्भाची आठवण होईल, त्यांनी तर ट्रॉफीही आणली.

पण मी काही भक्त नाही. त्या टेस्टरशी माझं भांडण व्हायचं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. इतकी वर्षं कोचला लाखो डॉलर, कॉलेजला नाव, टीव्हीवाल्यांना धंदा, आणि पोरांना? स्कॉलरशिप आणि बूट. २०२१ च्या जुलैपर्यंत स्वतःच्या नावावर पैसे कमवायचीसुद्धा बंदी होती. संयम हा शब्द पैसे न मिळणाऱ्या माणसाला शिकवणं फार सोपं असतं, आम्हालाही दर अप्रेझलला शिकवतात. ड्रू टिमी चार वर्षं राहिला, २,३०७ गुणांसह कॉलेजचा सर्वकालीन आघाडीचा स्कोअरर झाला. पण शेवटची दोन वर्षं त्याला जाहिरातींचे पैसे मिळू शकत होते, हेही राहण्याचं कारण असेलच की. असायलाच हवं! २०२१ पासून खेळाडू एक वर्ष न बसता कॉलेज बदलू शकतात, २०२५ पासून कॉलेज थेट पैसेही देऊ शकतं. आता ओलिनिकसारखा पोरगा तिसऱ्या वर्षी साध्या कपड्यात बसेल का? बहुधा नाही. मोठं कॉलेज बॅग घेऊन दारात उभं असेल. गॉन्झॅगासुद्धा दुसऱ्यांची तयार पोरं घेतंच, पूर्वीपासून घेत आलंय. २०१७ च्या टीमचा मुख्य गार्ड वॉशिंग्टनहून आलेला. २०२५ ला ती नऊ वर्षांची सोळाची साखळीही तुटली, ह्यूस्टननं दुसऱ्याच फेरीत घालवलं. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२६ पासून जुनी कॉन्फरन्स सोडून पॅक-१२ मध्ये जाणार. म्हणजे तेही आता पैशाच्या मागे. हे मॉडेल टिकेल याची मी पैज लावणार नाही.

टेस्टरचं उत्तर ठरलेलं असे. खांदे उडवायचा आणि म्हणायचा, पोरांना पैसे मिळाले तर चांगलंच आहे, पण त्यांना शिकवणारा माणूस उद्याही तिथे असेल की नाही ते बघ. मला ते तेव्हा फारसं पटलं नव्हतं. अजूनही अर्धंच पटतं.

माझा राग साहेबांवर आहे तो यासाठी, की तुम्हाला क्वार्टर टू क्वार्टर माणसं कापायची आहेत तर कापा, बाजार मंदावलाय, क्लायंट पैसे देत नाही, असं सरळ सांगा. आम्ही लहान नाही. पण ज्या लोकांनी लंगड्या बाळाला वर्षभर चालायला शिकवलं त्यांचा फोटो लावून, 'विश्वास ठेवा' म्हणून, दोन दिवसांनी पोरांना दारं दाखवायची? त्या अकरा जणांनी विश्वास ठेवला होता हो. बाकीच्या ऑफर सोडून आले होते दोघे-तिघे. विश्वास कुणी कुणावर ठेवायचा असतो ते स्लाइडवर उलटं लिहिलंय.

मी एक मेल टाकली साहेबांना. अगदी सभ्य भाषेत. ओलिनिकचं वर्ष, हाचिमुराची पाच मिनिटं, आणि एक प्रश्न, त्या पाच महिन्यांत या अकरा जणांना शिकवायला नेमलेल्या माणसाचं नाव काय. उत्तर आलं नाही. आमच्या मॅनेजरनं मात्र चहाला बोलावून 'जरा जपून' असं सांगितलं. चहा त्यानंच पाजला, माणूस वाईट नाही.

त्या दोघांपैकी एकाला बाणेरच्या एका छोट्या कंपनीचा कॉल आलाय, मंगळवारी टेक्निकल राउंड. दुसरा सोलापूरला घरी गेलाय. बाणेरवाल्याचा जावा बरा आहे, एसक्यूएलमध्ये मार खातो. उद्या सकाळी दहाला तो माझ्याकडे येणार आहे, जॉइन्स घोटून घ्यायचेत. पोहे मी करणार आहे, तेव्हा आता झोपतो.